पाटीवरचं धोतर

चैत्र लागला की लालबागच्या त्या गल्लीत नाक धरल्याशिवाय शिरता यायचं नाही. गॅलरीत मिरच्या, गच्चीत मिरच्या, फुटपाथवर गोणपाटं पसरून त्यावर मिरच्या. माणसं शिंकत यायची, शिंकत जायची आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पावसाच्या आत वर्षाचा मसाला घरात भरून ठेवायचा, हे कोकणातून आलेल्या बायकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ठरलेलं. नवऱ्याचा गिरणीचा खाडा एक वेळ चालेल, पण मसाला राहून गेला तर शेजारणीला काय तोंड दाखवणार?

ह्याच गल्लीत कौसल्याचं कांडपाचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर चाळीच्या तळमजल्यावरचा एक गाळा. जमिनीत पुरलेली दोन दगडी उखळं, चार मुसळं, भाजायला मोठी कढई आणि भिंतीशी गिऱ्हाइकांच्या डब्यांची रांग. ज्याच्या त्यानं आपल्या मिरच्या, आपले धणे, आपली हळकुंडं आणायची आणि कौसल्यानं ती भाजून, कुटून, चाळून द्यायची. एका उखळाशी दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. जराही चुकलं तर मुसळावर मुसळ आपटून मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या, म्हणून समोरची बाई रोजची लागते. कौसल्याच्या समोर रमाबाई असायची. पलीकडच्या चाळीतली, सडपातळ, कमी बोलणारी. रमाबाईच्या जातीवरून एखादं गिऱ्हाईक नाक मुरडायचं. कौसल्या त्याला कोपऱ्यावरची नवी कांडपाची मशीन दाखवायची आणि म्हणायची, "तिकडे लोखंड कुटतं, त्याला जात नाही. तिकडे जा." गिऱ्हाईक जायचं नाही, कारण हातकांडपाची चव मशीनला नाही हे त्यालाही ठाऊक असायचं.

हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, आणि त्यावर घराचं वर्ष काढायचं. आधी तसं नव्हतं. कौसल्याचा नवरा राजाराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, दुकान म्हणजे वरचा हातभार होता. पण छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून सगळं गिरणगाव पेटलं, तेव्हा राजाराम नाक्यावर गेला. जायचं काही कारण नव्हतं, पण तो गेला. उजव्या मनगटावर लाठी बसली, आणि तसाच उचलून त्याला आत टाकला. शिमग्याला सुटून आला तेव्हा हाड वेडंवाकडं जुळलेलं. साच्यावर धागा जोडायला हात हवा, तो नाही. गिरणीनं घेतलं नाही.

सुटून आल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं असेल? कुणाकडून तरी रंगाचा डबा मागून आणला, शिडी लावली आणि दुकानाच्या पाटीवर, 'येथे मसाला कुटून मिळेल' ह्याच्या खाली, डाव्या हातानं एक ओळ लिहिली: 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. अक्षरं अशी की बालवाडीतल्या पोरानं लाजावं. अर्धा दिवस लागला त्याला. खाली उतरला तेव्हा कितीतरी दिवसांनी तो हसला होता, म्हणून कौसल्या काही बोलली नाही. नाहीतर त्या ओळीचा तिला मनातून रागच होता. ह्याच ओळीपायी माणसाचा हात गेला होता.

त्यानंतर राजाराम दुकानातच बसायचा, मिरच्यांची देठं काढत. बायकांमध्ये बसून, खाली मान घालून. साचेवाला गडी मिरच्यांची देठं काढतोय, हे बघायला कुणी मुद्दाम यायचं नाही, पण ज्याला त्याला दिसायचंच.

इन्स्पेक्टर आले ते नेमके मिरच्या भाजायच्या वेळी. म्युनिसिपालिटीच्या वॉर्ड ऑफिसातले शरच्चंद्र कर्णिक. गिरगावातले, पांढरा शर्ट, चष्मा, बगलेत फाईल. त्यांचा शिपाई बाबुराव ह्या गल्लीत मुरलेला. कढई चुलीवर बघून तो रस्त्याच्या पलीकडेच थांबला. साहेब सरळ आत आले, आणि जो ठसका लागला त्यांना, तो काही थांबेना. रमाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. साहेबांनी पाणी घेतलं, पण त्याआधी दाराच्या फळीला धरलेल्या हातानं डोळे पुसले. फळीवर हंगामभराची मिरचीची पूड बसलेली. मग काय विचारता.

"लायसन कुणाच्या नावावर आहे?" जरा वेळानं, एक डोळा मिटून त्यांनी विचारलं.

"माझ्या," कौसल्या म्हणाली.

"पाटीवरची ती खालची ओळ. ती कोणी लिहिली?"

कौसल्यानं हळूच आत पाहिलं. राजाराम मिरच्यांच्या ढिगाआड बसला होता. त्याचा हात थांबला होता आणि तो आता उठणार हे तिला कळलं. उठला की बोलणार, बोलला की पुन्हा आत जाणार. ती घाईनं म्हणाली, "कुणी आलेल्या-गेलेल्यानं लिहिली असेल, साहेब. रस्त्यावरची पाटी. आम्ही काय राखण करतो तिची?"

ढिगामागून देठ तोडल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"हे बघा बाई," इन्स्पेक्टर म्हणाले, "पाटीला परवानगी असते ती नावाला, धंद्याला आणि पत्त्याला. राजकीय मजकूर चालत नाही. महिनाअखेर तुमचं लायसन संपतंय. ती ओळ तिथं असली तर नवं मिळणार नाही, आणि लायसन नसताना मुसळ उचललंत तर मला सामान जप्त करावं लागेल. आधी सांगून ठेवतो, म्हणजे मागून तक्रार नको."

आवाज चढवून काही बोलले नाहीत. बोलले असते तर कौसल्यानं चार शब्द सुनावले तरी असते.

त्या संध्याकाळी राजाराम जेवला, हात धुतला आणि पानाजवळच बसून राहिला. डाव्या हातानं जेवायची त्याला लाज वाटायची, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

"मी आलेला-गेलेला काय गो?" तो म्हणाला.

"तुम्हाला वाचवायला बोलले मी."

"वाचवायला. कशातून? मी चोरी केली?"

"अहो, ऐन हंगाम आहे. मुसळं थांबली तर खायचं काय? मिरचीची देठं?"

"ओळ पुसायची नाही," राजाराम म्हणाला. "तुला पुसायची तर तू पूस. मी घरात नसताना पूस." आणि अंथरूण घालून भिंतीकडे तोंड करून पडला.

कौसल्या काही गप्प बसणारी बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी लुगडं बदलून ती वॉर्ड ऑफिसात गेली. बाकावर बसली तर शेजारचा माणूस दोनदा शिंकला आणि उठून उभा राहिला. अंगातला मसाला काही लुगडं बदलून जात नाही. बाबुरावनं तिला बराच वेळ बसवून ठेवलं, मग त्यालाच दया आली आणि त्यानं आत सोडलं.

"साहेब, पुसायची ओळ पुसते," ती म्हणाली, "पण मला एक समजावा. आमच्या समोर न्हाव्याचं दुकान आहे. त्याच्या डोक्यावर साबणाची केवढी पाटी. तो काय साबण विकतो? त्याचं नावही साबण नाही."

"ती जाहिरात आहे. कंपनीनं परवानगी काढलीये, फी भरलीये."

"मग मीही भरते."

कर्णिकांनी चष्मा काढला. "राजकीय मजकुराला परवानगी मिळत नाही, बाई."

"असं कुठं लिहिलंय का?"

ते जरा थांबले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस असा थांबतो. "लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "तोंडी आहे. वरून. तुम्ही अर्ज करा, मी तो वर पाठवतो. पण त्याचं उत्तर यायला पाऊस येईल. तुमचा हंगाम जाईल. त्यापेक्षा मी सांगतो ते ऐका. पुसू नका. पावसापर्यंत झाकून ठेवा. मी सोमवारी येऊन बघतो, झाकलेली असली की लायसनवर सही करतो. कुणाचंच काही जाणार नाही."

झाकून ठेवायचं. कौसल्याला ते पटलं. घरी येऊन तिनं राजारामला तसं सांगितलं. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याच्या ह्या गप्प बसण्यापेक्षा भांडण परवडलं, असं तिला वाटलं.

सोमवारी पहाटे ती पाण्याच्या रांगेत असताना त्यानं शिडी लावली. ओळ पाटीच्या तळाशी, आणि खिळे होते वरच्या कडेला. त्यामुळे नुसती ओळ झाकणं जमेना. त्यानं आपलं जुनं पांढरं धोतर घेतलं, दुपदरी केलं आणि वरून खालपर्यंत सगळी पाटीच गुंडाळून टाकली. एका हातानं दुसरं काय होणार? मग शिडी आत ठेवली आणि कुणाशी न बोलता रे रोडला निघून गेला. तिथल्या लाकडाच्या वखारीत माल मोजून घ्यायला माणूस हवाय, असं त्याच्या कानावर आलं होतं. रमाबाईच्या नवऱ्यानं त्याला वाटेत पाहिलं, म्हणून एवढं तरी कौसल्याला कळलं.

जुनं लायसन संपलं होतं आणि नवं यायचं होतं, म्हणून तिनं बायकांना दुपारनंतर यायला सांगितलेलं. मुसळं भिंतीला टेकून उभी. दाराची एकच फळी उघडून कौसल्या आत बसली आणि आदल्या दिवशी कुटलेला घरचा मसाला चाळायला घेतला. बारीक पूड उडते, डोळ्यांना धार लागते. वर पाटीकडे बघायला तिला ना वेळ होता, ना इच्छा.

आता गल्लीतून बघा. भर चैत्रातला सोमवार, आणि कौसल्याच्या गाळ्यातून मुसळाचा आवाज नाही. दार अर्धं बंद. पाटीवर पांढरं धोतर, तेही राजारामचं, सगळ्या चाळीनं दोरीवर वाळताना पाहिलेलं. कांडपाच्या घरात कुणी गेलं तर मुसळ उचलत नाहीत, पाटी झाकतात आणि सुतक फिटेपर्यंत दाणा कुटत नाहीत. गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारा, हे तिला वेगळं सांगावं लागत नाही. आणि राजाराम तर तुरुंगातून मोडूनच आलेला माणूस.

पहिली आली सुंदराबाई. वरच्या मजल्यावरची म्हातारी, मालवणकडची, सगळ्या चाळीची आजी. फळीतून आत वाकून बघते तो कौसल्या खाली बसलेली, डोळे लाल, गालांवरून पाणी वाहतंय. म्हातारी तशीच पुढे झाली आणि तिनं कौसल्याला छातीशी धरलं. "अगो बाय माझे," ती म्हणाली, "ह्या काय झाला गो? काल तर बरो होतो."

कौसल्याच्या हातातली चाळण तशीच राहिली. राजाराम रे रोडला. ओंडके, क्रेन, आणि हा एक हाताचा माणूस. सुंदराबाईला कुणीतरी खबर आणून दिली असणार, नाहीतर म्हातारी रडत कशाला येईल?

"रे रोडला लाकूड पडलं?" एवढंच कसंबसं तिच्या तोंडातून आलं.

सुंदराबाईला बिचारीला काही माहीत नव्हतं. पण घरची बाईच सांगतेय म्हटल्यावर तिनं मान हलवली. "तुझ्या नशिबाक काय म्हणू गो," म्हणाली, आणि दाराकडे वळून बाहेरच्यांना सांगितलं, "लाकूड पडला त्याच्या अंगार. रे रोडाक."

झालं. कौसल्यानं जो टाहो फोडला तो रस्त्याच्या टोकाला ऐकू गेला. एकीला वाटलं दुसरीला ठाऊक आहे, दुसरीला वाटलं पहिलीला ठाऊक आहे, आणि मधल्या मधे चांगला हिंडता-फिरता माणूस मेला. दहा मिनिटांत गल्ली भरली. रात्रपाळी करून झोपलेले उठून आले. भिवा नावाचा त्यांच्याच गिरणीतला धिप्पाड गडी, राजारामच्या शेजारच्या साच्यावरचा, दोघांना घेऊन रे रोडला प्रेत आणायला निघाला. कुणी बांबूच्या तजविजीला गेलं. घरात चूल पेटणार नाही म्हणून वरच्या मजल्यावर पिठलं-भात टाकला गेला.

कौसल्या भिंतीला टेकून बसली होती. रमाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. कौसल्याच्या डोक्यात एकच घुमत होतं. मी त्यांना आलेला-गेलेला म्हटलं. त्यांच्या कानांदेखत म्हटलं. अर्धा दिवस शिडीवर उभं राहून डाव्या हातानं लिहिलं होतं माणसानं, आणि मी म्हटलं, कुणी लिहिलं ते मला ठाऊक नाही. गेले ते माझ्याशी न बोलता गेले. तिला ते सहन होईना. ती रमाबाईच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "मी त्यांची ओळ नाकारली गं, रमा."

आणि तेवढ्यातही तिला दिसत होतं की बायका एकेक करून भिंतीशी येताहेत, पदर सावरत, कुणाच्या नजरेला नजर न देता, आणि आपापला डबा उचलून नेताहेत. सुतकाच्या घरातला मसाला वर्षभर कोण खाणार? त्यांचंही काही चुकत नव्हतं. डब्यांची रांग तुटत गेली आणि मागची भिंत दिसायला लागली.

इन्स्पेक्टर कर्णिक आले ते ह्या गर्दीत. यायचे होते पाटी बघायला, पण वाटेतच बाबुरावला कुणीतरी सांगितलं की मसालेवाल्या बाईचा नवरा गेला. पाटीसुद्धा झाकलीय, असंही त्याला जोडून सांगितलं. साहेब आत आले नाहीत. फुटपाथच्या कडेला, पायांतले बूट काढून, फाईल पोटाशी धरून उभे राहिले. पाटीवरच्या धोतराकडे बघत होते. पुढचं कौसल्याला मागाहून कळलं, पण ते असं झालं: एक माणूस घामानं निथळत गल्लीत आला, गर्दी बघून थबकला आणि साहेबांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"कोण गेलं हो?" त्यानं विचारलं.

"राजाराम," कर्णिक हळू आवाजात म्हणाले. "मसालेवाल्या बाईंचे यजमान. फार वाईट झालं."

"कधी?"

"सकाळीच म्हणे. रे रोडला लाकूड पडून."

साहेबांनी राजारामला कधी पाहिलंच नव्हतं, तो ढिगाआड होता त्या दिवशी. मग तो माणूस गर्दीतून वाट काढत आत शिरला. ज्याच्या ज्याच्या खांद्याला त्याचा हात लागला तो मागे वळून बघायचा आणि भिंतीला चिकटायचा. बोलणं एकेका तोंडातलं बंद होत गेलं.

कौसल्याला आधी त्याचे पाय दिसले. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं, तेच पाय. तिनं वर पाहिलं, उठली आणि पहिल्यांदा त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी बडवलं. मग ओरडली, "कुठं मेला होतात सकाळपासनं?"

"वखारीत," राजाराम म्हणाला. "उद्यापासून ये म्हणालेत. डाव्या हातानं मोजता येतं की, लाकूड मोजायचं तर आहे." मग सगळीकडे बघून म्हणाला, "मला कोणी मारलं?"

सगळे सुंदराबाईकडे बघायला लागले. म्हातारी गडबडली. "माका काय बघताहात? पाटी बघा. पाटयेर धोतर बांधला, मग मी काय समजा?"

कौसल्या तशीच बाहेर आली आणि सकाळपासून पहिल्यांदा तिनं वर पाहिलं. पांढरं धोतर, दुपदरी, वरून खालपर्यंत. ह्या घरात कुणी मेलं तर असंच दिसलं असतं.

"धोतर इन्स्पेक्टरनं ओळ झाकायला सांगितली म्हणून बांधलं," राजाराम म्हणाला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "हाच तो साहेब, पाटी झाकायला लावणारा," आणि गर्दी कर्णिकांकडे वळली. रात्रपाळीची माणसं, अर्ध्या झोपेतून उठलेली, एक खरं-खोटं रडणं रडून बसलेली. त्यांच्यातल्या एकानं साहेबांची कॉलर धरली. बाबुराव कुठं गेला ते कुणालाच दिसलं नाही.

"सोडा त्यांना," कौसल्या म्हणाली. "माझ्या दाराशी दुखवट्याला आलेत ते. पायांतले बूट काढून उभे आहेत, दिसत नाही?"

कॉलर सुटली. कौसल्यानं आतून शिडी आणली. राजाराम पुढे झाला तशी त्याला म्हणाली, "तुम्ही नको. मी चढते." बायको शिडी चढतेय आणि नवरा खाली शिडी धरून उभा, असं त्या गल्लीनं आधी पाहिलं नव्हतं. वर जाऊन तिनं धोतराच्या गाठी सोडल्या. धोतर खाली आलं आणि ती वेडीवाकडी अक्षरं उघडी पडली.

शिडीवरूनच ती म्हणाली, "साहेब, त्या दिवशी मी खोटं बोलले. ही ओळ माझ्या नवऱ्यानं लिहिलीये. त्याचा उजवा हात ह्याच ओळीसाठी मोडला, म्हणून डाव्या हातानं लिहिलीये. आलेल्या-गेलेल्यानं नाही. मी ती झाकली, आणि बघा, अख्ख्या गल्लीनं माझं कुंकू पुसायला घेतलं. आता मी झाकणार नाही, पुसणारही नाही. लायसन द्या, नाहीतर मुसळं घेऊन जा. जड आहेत, गाडी आणा."

साबणाच्या पाटीखालचा न्हावी वस्तरा हातात धरून उभा होता आणि त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं.

कर्णिकांनी कॉलर सारखी केली, चष्मा पुसला. "पाटी उघडी होती तेव्हा इथं जमाव व्हायचा का?" त्यांनी विचारलं.

"मिरच्या घेऊन येतात तेवढी गिऱ्हाइकं," कौसल्या म्हणाली.

"आणि झाकल्यावर सगळी गल्ली जमली." त्यांनी फाईल उघडली, भिंतीला टेकवली आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेले, बहुधा मुद्दामच. "पाटी झाकल्यानं रस्त्यात जमाव होतो व वाहतुकीस अडथळा येतो, असे समक्ष पाहिले. सबब पाटी उघडी ठेवणे इष्ट."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत.

"बाई, वरचे काय म्हणतील ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "हा शेरा त्यांना आवडेल असं नाही. पण त्यांना काही सांगायचं असलं तर आता लेखी सांगावं लागेल, आणि लेखी आलं तर मी लेखी आणून देईन. तोवर ओळ राहील. लायसनवर मी आज सही करतो, उद्या बाबुराव आणून देईल. एवढं माझ्या हातात आहे, तेवढं करतो." बूट घालायला वाकले आणि वाकूनच म्हणाले, "आमच्या वाडीच्या भिंतीवरही हीच ओळ आहे. मी रोज वाचत जातो."

"बसा, साहेब," राजाराम म्हणाला. "माझ्या दुखवट्याला आलात, तसेच कसे जाल?"

एवढ्यात वरून पिठलं-भाताची पातेली आली. आणणाऱ्या बायकांना जिन्यात कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या राजारामला बघून पातेली घेऊन परत फिरायला लागल्या, आणि मग खरा प्रश्न पडला. सुतकाचं म्हणून शिजवलेलं अन्न परत घरात कसं न्यायचं? टाकायचं तर तेही बरं नाही. मेलेला माणूस समोर उभा, तेव्हा सुतक धरायचं कसं? आंघोळ करायची की नाही, ह्यावर सुंदराबाई आणि आणखी एका म्हातारीची चांगलीच जुंपली.

"वाढा मला," राजाराम म्हणाला. "माझ्याच नावाचं आहे ना? मला भूक लागलीय."

रमाबाईनं पान मांडलं. तो दाराशीच बसला, गल्लीकडे तोंड करून, आणि डाव्या हातानं कालवून पहिला घास घेतला. घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याला चवच नाही."

"फोडणी नाही त्याला," पातेलंवाली म्हणाली. "सुतकाच्या जेवणाला कोण फोडणी देतं?"

कौसल्यानं पदर खोचला. सकाळपासून थंड पडलेल्या चुलीत तिनं लाकडं सारली, फुंकणी घेतली आणि जाळ केला. कढई चढवली, तेल सोडलं. लसूण ठेचून टाकला. मग सकाळी चाळत बसली होती त्या घमेल्यातला, स्वतःच्या घरचा ताजा मसाला तिनं मूठभर घेतला आणि तेलात सोडला. जो काय ठसका उठला तो गाळ्यात मावेना. दारातून बाहेर पडला, जिन्यानं वर चढला, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला, दुसऱ्या मजल्याच्या गेला. माणसं शिंकायला लागली, खोकायला लागली, डोळे पुसत हसायला लागली. कर्णिक साहेब रुमाल नाकाशी धरून पायरीवर टेकले ते टेकलेच. रे रोडहून भिवा हात हलवत परत आला. वखारवाल्यांशी प्रेत द्या म्हणून भांडून आला होता आणि रागानं लाल झाला होता. समोर प्रेत पिठलं खात बसलेलं बघून तो शेजारी मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मलाही वाढा."

फोडणीचा वास ज्या घरातून येतो त्या घरात कुणी मेलेलं नसतं. गॅलरीतून वाकून बघणाऱ्या बायकांना तो वास पोचला, आणि थोड्या वेळानं त्यांच्यातली एक जिन्यावरून खाली आली. पदराआड डबा. दाराशी येऊन उभी राहिली, वर पाटीकडे पाहिलं, मग राजारामकडे पाहिलं, आणि आत यावं की नाही अशी घुटमळायला लागली. तिच्या मागे जिन्यात आणखी दोघी-तिघी थांबल्या होत्या.

कौसल्यानं कढईतलं पिठल्यावर ओतलं आणि हात पुसत दाराशी आली.

"लायसन उद्या येतंय," ती म्हणाली. "डबा ठेवून जा."